लाल कॅन

दोन पंपांच्या मधे एकशे एकसष्ट मैल.
नेवाडाचं वाळवंट, सेजची झुडपं, मिठाचं कोरडं तळं,
आणि एक पाटी: पुढे गुरं रस्त्यावर येतात.
वीस वर्षांत एक गाय दिसली नाही.
पाटीला बंदुकीची भोकं तेवढी वाढलीत.

माझी क्रूझर जुनी, कार्ब्युरेटरवाली,
उभी असली की म्हशीएवढी जड, निघाली की हलकी.
टाकीत मावतं चार गॅलन. गॅलनला देते छत्तीस मैल.
मी शाळेची बस चालवते; एवढा गुणाकार
मागच्या बाकावरची पोरंसुद्धा करतील.
वरच्या सतरा मैलांसाठी
मागच्या सीटवर लाल कॅन बांधायचा
आणि कुठेतरी मधेच, वाऱ्याकडे पाठ करून,
गाडीला पाजायचं,
आई मेलेल्या कोकराला पाजतात तसं.

आजोबा बास्क मेंढपाळ. उन्हाळाभर डोंगरात एकटे,
अ‍ॅस्पेनच्या सालीवर साल कोरायचे,
खाली स्वतःचं नाव, कधी एखादी बाई.
मी गॅरेजच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिते:
३६. ३६. ३५, समोरून वारा होता. ३७.

थर्लो बेक जेट आणतो औषधाच्या डबीतून,
वारांची नावं असलेल्या, सात खणांच्या.
त्याच्या हृदयाच्या गोळ्या आता बशीत असतात.
सोमवारी एकशे पंचेचाळीस, मंगळवारी एकशे बेचाळीस,
रविवारच्या खणात एक वॉशर,
एवढासा, की म्हणाला, शिंकू नकोस.
प्लग काढला, तर कंदिलाची काजळी धरलेली काच.
"सहा हजार फुटांवर राहतेस, ग्रासियाना.
हवा विरळ. जेवायला माणसं कमी,
आणि तू स्वयंपाक करतेस तेवढाच."

मग लहान जेट. सुई एका वॉशरने खाली.
टायरमध्ये हवा, नवा फिल्टर,
पंचाहत्तरऐवजी बासष्टचा वेग,
ट्रकवाले हॉर्न द्यायचे, मी हात करायचे.
३८. ३८. ३९.
थर्लोचं समाधान नाही. कुठेतरी जातंय, म्हणे,
आणि जमिनीवर थेंब नाही.

ते मला सापडलं ऑक्टोबरात, पहाटे,
चोकचं बटण आत ढकलताना.
बटण गेलं. केबल गेली नाही.
गंजलेल्या आवरणात कुठेतरी
दोन मिलिमीटर अडून राहिली.
म्हणजे सकाळच्या थंडीसाठी ओढलेलं
दुपारी तीनलाही ओढलेलंच,
मिठाच्या तळ्यावर ऊन रणरणतंय
आणि गाडीच्या लेखी अजून पहाट.
किती वर्षं, कोण जाणे.

तेलाचे चार थेंब.
४३.
पेन्सिलीचं टोक मोडलं.

"कॅन कुठाय?" पलीकडच्या पंपावर ऑगीने विचारलं.
परतीचा कॅन दर रविवारी तोच भरायचा,
हळू, फेस बसेपर्यंत थांबत,
आणि तेवढ्यात सांगायचा: विहिरीची मोटर,
बहिणीचा गुडघा, कोयोटने नेलेली कोंबडी,
कधी काहीच नाही, नुसता नोझल धरून उभा.
"आता लागत नाही," मी म्हणाले.
टाकी भरली. पैसे दिले. पावती घेतली.
"पावणेचार गॅलन," तो म्हणाला. "चांगलं देतेय की."
"देतेय."
वाऱ्याने छपराचा पत्रा वाजवला.
आम्ही दोघांनी वर पाहिलं,
जणू त्याला काही विचारायचं होतं.

या रविवारी कॅन पुन्हा बांधला. रिकामा.
थर्लो म्हणाला, मागे वारा धरतो तो,
अर्धा मैल तरी खाईल.
मी निघण्याआधीच भिंतीवर लिहून टाकलं:
साडेबेचाळीस.